हॉटेल-अतिथींचे पर्यावरणपूरक वर्तन

हॉटेल-अतिथींचे पर्यावरणपूरक वर्तन : हॉटेलात मुक्कामास उतरलेल्या पाहुण्यांनी पाणी, वीज, इंधन, अन्न व प्रसाधनसामग्री यांचा वापर बेताने करावा, म्हणून हॉटेल-चालक, शासन वा स्थानिक संस्था जे उपाय योजतात त्यांचा आणि त्या उपायांना पाहुण्यांकडून मिळणाऱ्या प्रतिसादाचा विचार या विषयात केला जातो. मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द उपाहारगृहासही लावतात. येथे मात्र तो मुख्यत्वे निवासाची सोय असलेल्या संस्थेस अनुलक्षून योजिला आहे. टॉवेल व चादरी रोज न बदलणे, खोली वाजवीपेक्षा अधिक थंड न करणे, स्नानास माफक पाणी घेणे, पानात अन्न न टाकणे आणि एकदाच वापरून फेकावयाच्या वस्तू नाकारणे, या त्यातील प्रमुख बाबी होत. एकेकट्या घेतल्यास त्या किरकोळ वाटतात. परंतु शंभर खोल्यांच्या भरलेल्या हॉटेलात प्रत्येक खोलीतील दोन टॉवेल रोज धुवावयाचे म्हटले, तर वर्षाकाठी ७३,००० टॉवेल धुवावे लागतात. त्यांच्या धुलाईस पाणी लागते, ते तापविण्यास व कपडे वाळविण्यास इंधन वा वीज लागते आणि धुलाईद्रव्ये मिसळलेले सांडपाणी शेवटी परिसरातच सोडले जाते.

प्रश्नाचे स्वरूप : घरी पाणी व वीज जपून वापरणारी व्यक्ती हॉटेलात तितकी जपून वागतेच असे नाही. याची कारणे हॉटेलच्या व्यवहारातच आहेत. घरातील विजेचे देयक वापरानुसार वाढते. हॉटेलचे भाडे मात्र ठराविक असते. पाहुण्याने दिवा मालविला काय आणि तसाच ठेवला काय, त्याच्या खिशावर परिणाम होत नाही. दुसरे असे की, पर्यटक हॉटेलात येतो तो रोजच्या चिंतांपासून दूर राहण्यासाठी. स्वच्छ चादर, नवा टॉवेल व भरपूर गरम पाणी हा त्याला आपण दिलेल्या पैशाचा मोबदला वाटतो. तिसरे कारण यजमानाच्या बाजूचे आहे. पाहुण्यास काही कमी पडू न देणे हा पाहुणचाराचा मानबिंदू समजला जात असल्याने, ‘कमी वापरा’ असे सांगताना हॉटेल-चालकाला संकोच वाटतो. याशिवाय आपल्या वापराचे माप पाहुण्याला कोठेच दिसत नाही. पाणी कोठून आले, टॉवेल कोठे गेला आणि उरलेल्या अन्नाचे काय झाले, हे सर्व त्याच्या दृष्टीआड घडते.

या प्रश्नाची तीव्रता पर्यटनाच्या हंगामात वाढते. अनेक पर्यटनस्थळी पाहुण्यांची गर्दी आणि पाण्याची टंचाई यांचा काळ एकच असतो. महाराष्ट्रातील थंड हवेच्या ठिकाणी उन्हाळी सुटीतील वर्दळ पाणीसाठे तळाला जाण्याच्या सुमारासच होते. हिमाचल प्रदेशातील सिमल्यात मे-जून २०१८ मध्ये पाणीपुरवठा इतका घटला की, तेथील अनेक रहिवाशांनी पर्यटकांनी शहरात येऊ नये असे आवाहन केले. अशा ठिकाणी हॉटेलातील पाण्याचा वापर हा पाहुणा व हॉटेल-चालक यांच्यापुरता राहत नाही; ज्या नळावर गावाची भिस्त असते, त्याच नळाचे पाणी तेथे वापरले जाते.

पूर्वपीठिका : टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी छापील पत्रके १९८० च्या दशकात पाश्चात्त्य पर्यटनव्यवसायात दिसू लागली. दांडीवर टांगलेला टॉवेल म्हणजे ‘पुन्हा वापरीन’ आणि जमिनीवर टाकलेला म्हणजे ‘बदलून द्या’, हा संकेत त्यातूनच रूढ झाला. या पत्रकांवर टीकाही लवकरच झाली. जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ मध्ये या प्रथेवर लिहिताना ‘ग्रीनवॉशिंग’ ही संज्ञा वापरली. धुलाईचा खर्च वाचविणे हा खरा हेतू असताना त्याला निसर्गप्रेमाचा मुलामा दिला जातो, असा त्याचा आक्षेप होता. पुढे ही संज्ञा सर्वच उद्योगांतील दिखाऊ पर्यावरणप्रेमास लावली जाऊ लागली. या विषयातील विश्वासार्हतेचा प्रश्न असा आरंभापासूनच उपस्थित झालेला आहे. १९९० च्या दशकात हॉटेलांसाठी पर्यावरणविषयक संघटना व प्रमाणपत्रे अस्तित्वात आली आणि पाहुण्यांच्या वर्तनाकडे व्यवस्थापनाचा एक भाग म्हणून पाहिले जाऊ लागले.

आवाहनाचे प्रयोग : पाहुण्यांना केलेल्या विनंतीच्या शब्दांचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाले. नोआ गोल्डस्टाइन, रॉबर्ट चाल्डिनी व व्ह्लादास ग्रिस्केव्हिशस या अमेरिकन संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यांत विशेष गाजला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात १९० खोल्यांमध्ये दोन प्रकारची पत्रके ठेवण्यात आली. पहिल्या प्रकारात पर्यावरणरक्षणासाठी टॉवेल पुन्हा वापरावा एवढीच विनंती होती. दुसऱ्या प्रकारात बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात ही माहिती दिली होती. पहिल्या पत्रकास ३५.१ टक्के, तर दुसऱ्यास ४४.१ टक्के प्रतिसाद मिळाला. पुढील प्रयोगात ‘याच खोलीत उतरलेल्या’ पाहुण्यांचा दाखला दिला असता प्रतिसाद ४९.३ टक्क्यांपर्यंत गेला. खोलीचा क्रमांक समान असण्याला व्यक्तीच्या जीवनात काहीच महत्त्व नसते. तरीही आपल्यासारख्याच परिस्थितीत असलेले लोक काय करतात, याकडे माणूस नकळत पाहतो, असे यावरून दिसून आले.

हा निष्कर्ष सर्वत्र जसाच्या तसा लागू पडत नाही. जर्मनीतील हॉटेलांत करून पाहिलेल्या अशाच प्रयोगात (२०१४) इतरांचा दाखला देणारे पत्रक साध्या पत्रकापेक्षा अधिक प्रभावी ठरले नाही. तेथे टॉवेल पुन्हा वापरणाऱ्यांचे प्रमाण मुळातच मोठे होते. उपलब्ध सात अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात इतरांच्या उदाहरणाचा परिणाम होतो या मतास एकंदरीत पुष्टी मिळाली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठातील सारा डोल्निचार व त्यांचे सहकारी यांनी स्लोव्हेनियातील हॉटेलांत केलेल्या अभ्यासात (२०१७) मात्र केवळ पर्यावरणविषयक आवाहनांनी पाहुण्यांच्या वर्तनात उल्लेखनीय फरक पडला नाही. सुटीवर असलेल्या माणसाला कर्तव्याची आठवण करून देण्यास मर्यादा असतात, हे यातून स्पष्ट होते.

आवाहन कोण करतो व कोणत्या क्रमाने करतो यालाही महत्त्व आहे. ‘आपण टॉवेल पुन्हा वापरल्यास आम्ही देणगी देऊ’ अशी अट घालण्यापेक्षा, हॉटेलने पाहुण्यांच्या वतीने पर्यावरणसंस्थेस आधीच देणगी देऊन मग सहकार्य मागितल्यास प्रतिसाद वाढतो, असे गोल्डस्टाइन व सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात आढळले. आधी केलेल्या उपकाराची परतफेड करण्याची भावना येथे काम करते. कॅलिफोर्नियातील एका हॉटेलात नोंदणीच्या वेळीच पाहुण्याकडून पर्यावरणपूरक वागण्याचे वचन घेण्यात आले व त्याची खूण म्हणून छातीवर लावावयाची छोटी पिन देण्यात आली (२०१३). अशा पाहुण्यांपैकी किमान एक टॉवेल पुन्हा वापरण्यासाठी टांगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होते.

निवडीची मांडणी : विनंतीपेक्षा भिन्न असा दुसरा मार्ग म्हणजे पाहुण्यासमोर येणाऱ्या निवडीची मांडणीच बदलणे. काहीही न सांगितल्यास जे आपोआप घडते, ते बहुतेक लोक चालू देतात. खोली रोज साफ करणे हा शिरस्ता असेल, तर ‘नको’ म्हणण्याचे कष्ट पाहुण्यास घ्यावे लागतात. मागितल्यासच सफाई हा शिरस्ता असेल, तर तेच कष्ट उलट बाजूला जातात. निवडीचे स्वातंत्र्य दोन्ही पद्धतींत सारखेच असते, परंतु होणारा वापर सारखा नसतो.

या तत्त्वाचे एक परिचित उदाहरण पुण्यातील उपाहारगृहांचे आहे. २०१० नंतरच्या दशकातील पाणीटंचाईच्या काळात तेथील काही उपाहारगृहांनी ग्राहकास प्रथम अर्धाच पेला पाणी देण्याची प्रथा पाडली. अधिक पाणी मागण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. भरलेला पेला अर्धवट पिऊन टाकून देण्याचे प्रमाण मात्र त्यामुळे टाळता आले. वातानुकूलनाबाबतही असेच करता येते. भारताच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमानाची मांडणी एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. तारांकित दर्जाची खोलीतील वातानुकूलन यंत्रे सुरू करताच २४° से. वर चालावीत, असा नियम देशात १ जानेवारी २०२० पासून लागू करण्यात आला. दारालगतच्या खोबणीत कार्ड घातल्याशिवाय खोलीतील दिवे न लागण्याची योजना याच वर्गात मोडते. पाहुण्याला काही लक्षात ठेवावे लागत नाही. तो बाहेर पडताना कार्ड काढून घेतो आणि वीजपुरवठा खंडित होतो.

भोजनकक्षातील प्रयोग याहून उद्‌बोधक आहेत. स्वतः वाढून घेण्याच्या पद्धतीत ताट भरून घेतले जाते व बरेचसे अन्न टाकले जाते. स्टेफेन कॉलबेकेन व होकोन सेलेन यांनी नॉर्वेतील एका हॉटेलसमूहाच्या ५२ हॉटेलांतील नोंदींचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखवून दिले की, काही हॉटेलांत ताटल्यांचा आकार लहान केल्याने वाया जाणारे अन्न १९.५ टक्क्यांनी घटले. अन्य काही हॉटेलांत ‘पुन्हा पुन्हा येऊन हवे तेवढे वाढून घ्यावे’ अशा आशयाची पाटी लावल्याने ही घट २०.५ टक्के झाली. पाहुण्यांच्या समाधानात कोणतीही उणीव आढळली नाही. ही पाटी कमी खाण्यास सांगत नव्हती. संकोचापोटी एकदाच ताट भरून घेण्याची गरज तिने नाहीशी केली. मराठी घरांतून पानात न टाकण्याचा संस्कार मुलांवर केला जातो. तथापि, घरच्या पंगतीत आग्रह करणारे व पान पाहणारे कोणीतरी असते. हॉटेलात ते कोणी नसल्याने ताटली व पाटी यांना ते काम करावे लागते.

प्रत्यक्ष माहिती व मोबदला : वापराचे माप त्याच क्षणी डोळ्यांसमोर आणल्यास पैशाचा संबंध नसतानाही वर्तन बदलते, याचा पुरावा स्वित्झर्लंडमधील अभ्यासातून मिळाला. व्हेरेना टीफेनबेक व सहकाऱ्यांनी सहा हॉटेलांतील २६५ खोल्यांच्या न्हाणीघरांत फवाऱ्याला जोडलेली छोटी मापनयंत्रे बसविली. स्नान चालू असतानाच किती पाणी व ऊर्जा खर्च झाली, हे त्यांच्या पडद्यावर दिसे. वापर वाढत गेला की हिमखंडावर उभ्या असलेल्या ध्रुवीय अस्वलाच्या पायाखालचे बर्फ वितळताना दिसे. १९,५९६ स्नानांच्या नोंदींवरून स्नानासाठी लागणाऱ्या ऊर्जेत ११.४ टक्के घट झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. पाहुण्यांनी या प्रयोगात स्वतःहून भाग घेतलेला नव्हता व त्यांना कोणताही आर्थिक लाभ होणार नव्हता, ही त्यातील विशेष गोष्ट होय.

मोबदला देण्याचेही अनेक प्रकार आहेत. सफाई नाकारल्यास पेयाची वा भोजनाची सवलत देऊन हॉटेल आपल्या बचतीतील वाटा पाहुण्याला देते. लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी स्लोव्हेनियातील एका हॉटेलात खेळ योजण्यात आला : ताटातील अन्न संपविल्यास प्रत्येक वेळी एक शिक्का मिळे आणि मुक्कामाच्या अखेरीस छोटे बक्षीस. टाकलेल्या अन्नात त्यामुळे सुमारे एक तृतीयांश घट झाली (२०२०). सुटीतील आनंदाला बाध न आणता, किंबहुना त्यात भर घालून, इष्ट परिणाम साधता येतो, असे या उदाहरणावरून दिसते.

नियमन : काही देशांत हा प्रश्न पाहुण्याच्या इच्छेवर न सोडता कायद्याने हाताळण्यात आला. चीनमधील शांघाय शहरात १ जुलै २०१९ पासून दात घासण्याचा ब्रश, कंगवा, वस्तरा इ. वस्तू पाहुण्याने मागितल्याखेरीज खोलीत ठेवण्यास हॉटेलांना मनाई करण्यात आली. कॅलिफोर्निया राज्याने प्रसाधनद्रव्यांच्या छोट्या प्लॅस्टिक बाटल्यांवर प्रथम पन्नासांहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांत (२०२३) व नंतर सर्व हॉटेलांत (२०२४) बंदी घातली. भारतात १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या नळ्या, पेले, ताटल्या, चमचे इ. एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर देशव्यापी बंदी आहे. हॉटेलव्यवसायही तिच्या कक्षेत येतो.

संकटकाळी नियम व आवाहन यांची सीमारेषा पुसट होते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात दीर्घ अवर्षणामुळे १ फेब्रुवारी २०१८ पासून दरडोई दररोज ५० लिटर पाण्याची मर्यादा घालण्यात आली. तेथील अनेक हॉटेलांनी स्नानाच्या टबांची बुचे काढून ठेवली आणि फवाऱ्याखालील स्नान एक-दोन मिनिटांत आटोपण्याची विनंती पाहुण्यांना केली. शहराचे नळ बंद करण्याची वेळ अखेर आली नाही. टंचाई खरी आहे व यजमान स्वतःही तीच झळ सोसत आहे, अशी खात्री पटल्यास पाहुणा गैरसोय सहन करतो, हा या घटनेचा बोध आहे.

भारतातील एक उदाहरण : मुंबईत विलेपार्ले येथे १९९७ मध्ये सुरू झालेले ‘ऑर्किड’ हे हॉटेल आशियातील ‘ईकोटेल’ प्रमाणपत्र मिळविणारे पहिले पंचतारांकित हॉटेल म्हणून ओळखले जाते. त्याचे संस्थापक विठ्ठल कामत यांचे इडली, ऑर्किड आणि मी हे आत्मकथनपर पुस्तक मराठी वाचकांना सुपरिचित आहे. या हॉटेलच्या खोल्यांत एक हिरवी कळ बसविण्यात आली. पाहुण्याने ती दाबली असता वातानुकूलनाचे तापमान दोन अंशांनी वाढून विजेची बचत होई. कळ दाबणे सर्वस्वी ऐच्छिक होते. परंतु ती हाताशी असल्याने, एरवी पत्रक वाचून विसरली जाणारी इच्छा कृतीत उतरण्यास वाव मिळाला. बांधकामापासूनच ऊर्जा व पाणी यांच्या बचतीचा विचार केलेला असल्याने पाहुण्यास केलेल्या विनंतीमागे हॉटेलचे स्वतःचे आचरण उभे होते.

आक्षेप व मर्यादा : या उपायांवरील पहिला आक्षेप प्रामाणिकपणाविषयीचा आहे. पाहुण्याला टॉवेल पुन्हा वापरण्यास सांगणारे हॉटेल गळके नळ, दिवसभर जळणारे दिवे व प्रक्रिया न केलेले सांडपाणी यांकडे दुर्लक्ष करीत असेल, तर पत्रकावरील मजकूर निरर्थक ठरतो. पाहुण्याने दांडीवर टांगलेला टॉवेलही कर्मचाऱ्यांनी सवयीने बदलून टाकल्याचा अनुभव विनंतीवरील विश्वास नष्ट करतो. म्हणून कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा अशा प्रत्येक योजनेचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो कामगारांच्या हिताशी निगडित आहे. दैनंदिन सफाई नाकारणाऱ्या पाहुण्यांना सवलत देण्याच्या योजनांमुळे खोल्या साफ करणाऱ्यांचे कामाचे तास कमी होतात. शिवाय अनेक दिवस न झाडलेली खोली एकाच दिवशी साफ करावी लागल्याने श्रम वाढतात. अमेरिकेतील ‘युनाइट हिअर’ या कामगार संघटनेने ही तक्रार वारंवार मांडली आणि २०१८ मधील हॉटेल-कामगारांच्या मोठ्या संपात हा एक मुद्दा होता. लॉस अँजेलिस शहराने २०२२ मध्ये केलेल्या नियमांद्वारे दैनंदिन सफाई नाकारण्यासाठी पाहुण्यांना आर्थिक प्रलोभन देण्यास प्रतिबंध केला. हे काम करणारा वर्ग बहुतांशी अल्प वेतनावरील स्त्रियांचा असल्याने, वाचलेल्या पाण्याचे मोल त्यांच्या रोजगारातून वसूल होऊ नये, हा आग्रह न्याय्यच म्हणावा लागेल.

तिसरी मर्यादा प्रमाणाची आहे. दूरच्या प्रवासासाठी विमानाने केलेल्या इंधनखर्चाच्या तुलनेत एका टॉवेलची बचत नगण्य असते. तीमुळे पर्यटनाचा एकूण भार हलका झाला, असा समज करून घेणे चुकीचे ठरते. मात्र पाणी ही स्थानिक गरज आहे. मुक्कामाच्या गावी वाचलेले पाणी त्याच गावाच्या उपयोगी पडते. त्यामुळे या बाबतीत छोट्या बचतीलाही अर्थ उरतो.

मूल्यमापन : आतापर्यंतच्या प्रयोगांवरून काही गोष्टी बऱ्याच अंशी निश्चित झाल्या आहेत. केवळ उपदेशाचा परिणाम अल्प व अनिश्चित असतो. इतर पाहुण्यांचे उदाहरण, वापराची तत्काळ माहिती, लहान ताटली वा २४ अंशांवरील यंत्र यांसारखी सोयीस्कर मांडणी आणि बचतीतील वाटा हे मार्ग त्याहून अधिक फलदायी ठरतात. पाहुण्याच्या निवडीमागे असलेला खर्च व परिणाम त्याच्या दृष्टीआड राहत असल्यामुळे हा प्रश्न निर्माण होतो. म्हणून तो दृष्टीसमोर आणणे किंवा योग्य निवड हीच सर्वांत सोपी निवड करून ठेवणे, हा त्यावरील खरा उपाय होय. यजमानाने आपले घर आधी नीटनेटके करावे, झालेल्या बचतीचा वाटा पाहुणा, कर्मचारी व गाव यांना मिळावा आणि मगच पाहुण्याकडे सहकार्य मागावे, हा क्रम पाळला गेल्यास पाहुणचार व काटकसर यांत विरोध राहत नाही.